आपल्या गावावरून जाणारा रस्ता

कोणत्याही गावाचा इतिहास सांगावयाचा म्हटले म्हणजे माणूस प्रथम देवळाकडे वळतो, आणि ते योग्यच होय. परंतु जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी पालीच्या आणखी एका जुन्या ठेव्याची आठवण करणे अगत्याचे वाटते. तो ठेवा म्हणजे बीडहून पालीवरून मांजरसुंब्याकडे जाणारा रस्ता. आपण त्यावरून रोज जातो-येतो, म्हणूनच त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही.

हा रस्ता येथूनच का गेला, याचे उत्तर जमिनीतच आहे. आपल्या जिल्ह्याचे दोन भाग जुनी माणसे सांगतात. उत्तरेस गोदाकाठची गंगथडी आणि दक्षिणेस बालाघाटाचा डोंगर. बालाघाटात उगम पावलेली बिंदुसरा पालीच्या बाजूने उतरून बीड शहरातून वाहत पुढे सिंदफणेस मिळते. नदीने जी वाट कोरून दिली, तीच माणसांनी आणि जनावरांनी धरली. गंगथडीतून वर बालाघाटावर जाणाऱ्यास पालीवरून घाट चढणे सोयीचे, आणि वरून उतरणाऱ्यास पाली हे घाटाखालचे गाव.

ही वाट किती जुनी, हे नेमके सांगता येणार नाही. पण तिच्या खुणा आहेत. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक दक्षिणेतून दौलताबादेस परतत असता बीड परिसरात त्याचा दात पडला आणि त्याने तो थाटाने पुरून त्यावर इमारत बांधविली, अशी नोंद फिरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. बीडच्या दक्षिणेस करझणीच्या बाजूला ती वास्तू आजही दाखवितात. फौजा ज्या अर्थी या भागातून जात, त्या अर्थी वाट वाहती होती हे उघड आहे. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीत, १५८२ साली, सलाबतखानाने बीड-पाली रस्त्याजवळ खजाना बावडी बांधविली. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिचे पाणी उताराने शेतीकडे जाते. मोटेशिवाय पाणी देणारी ही विहीर पाहून आजचे इंजिनियरही थक्क होतात.

त्यानंतर आपला मुलूख दीर्घकाळ हैदराबादच्या निजामाकडे राहिला. संस्थानात १९३२ साली रेल्वे खात्याच्या देखरेखीखाली सरकारी मोटारगाड्या सुरू झाल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५५ साली पालीजवळ बिंदुसरेवर मातीचे धरण झाले आणि बीड शहराला आपल्या शिवारातून पाणी जाऊ लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची एस.टी. राज्याच्या महामंडळात सामील झाली. राज्ये बदलली, गाडीवरची पाटी बदलली, वाट मात्र तीच राहिली.

या वाटेने देवाची माणसेही जातात. कार्तिक पौर्णिमेस श्री मन्मथस्वामींच्या कपिलधारेस जाणारे भाविक, चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीस निघालेले, नवरात्रात तुळजापूरची वाट धरलेले, या सर्वांचा हा मार्ग आहे.

पण या रस्त्याचा खरा इतिहास पोटासाठी चालणाऱ्यांचा आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या रस्त्यांवर आयाबायांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या, मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. आज आपण ज्या सडकांवरून गाडीने जातो, त्यांतील कित्येकांच्या तळाशी त्या हातांचे कष्ट आहेत. आणि दसरा-दिवाळी झाली की आजही बालाघाटातील कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिकडे एक कोयता म्हणतात. ट्रक-ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळ्या आणि लहान लेकरे. म्हातारी माणसे मागे घर राखतात आणि गाड्या परत येण्याची वाट पाहतात. रस्त्याने माणसे नेली, रस्त्यानेच परत आणली. बीड शहरात पहिली रेल्वे धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर जिल्ह्याच्या या ठिकाणाला बाहेरच्या जगाशी जोडणारा आधार एवढाच, सडकेचा.

सोलापूर-धुळे हा मार्ग पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २११ झाला. २०१० साली देशातील महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरले तेव्हा त्याला ५२ हा क्रमांक मिळाला. आता हा महामार्ग पंजाबातील संगरूरहून निघून कर्नाटकात अंकोल्याच्या समुद्राकाठी पोहोचतो. मांजरसुंब्याच्या चौकात त्याला जामखेड-पाटोद्याहून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता छेदतो. चौपदरीकरण झाले, प्रवास झपाट्याचा झाला, रुग्ण लवकर दवाखान्यात पोहोचू लागला. हे सर्व चांगलेच झाले. परंतु रुंदीकरणात सडकेकडेची जुनी सावली गेली, आणि पूर्वी ज्या वाटेवर वाटसरू पाणी मागावयास थांबे, त्या वाटेवरील गाड्या आता न थांबता निघून जातात. रस्ता ओलांडताना म्हाताऱ्यांचा आणि शाळकरी मुलांचा जीव मुठीत असतो.

म्हणून ग्रामस्थांस व देणगीदारांस एवढीच विनंती. मंदिराभोवती झाडे लावालच, त्यांतील चार सडकेच्या बाजूसही लावा. वाटसरूसाठी पाण्याची सोय ठेवा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना या रस्त्याच्या आठवणी विचारून लिहून ठेवा. दुष्काळात कोणी खडी फोडली, कोण कोयता घेऊन गेले, कोण परतलेच नाही, हे सरकारी दप्तरात सापडणार नाही. देवळाच्या कळसाकडे पाहताना त्या माणसांचीही आठवण राहिली, तर आपला जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने पुरा झाला असे म्हणता येईल.