लतीफसाहेबांचा निर्णय

१९६५ च्या युद्धाचा विषय निघाला की आमच्या उर्दू शाळेतील मुले अब्दुल हमीद यांचे नाव एका सुरात सांगतात. खेमकरणच्या आघाडीवर शत्रूचे रणगाडे फोडताना शहीद झालेल्या त्या जवानाचा आम्हाला अभिमान आहे. पण भारतीय हवाई दलाचे प्रमुख झालेले पहिले मुस्लिम अधिकारी कोण, असे विचारले की वर्ग गप्प होतो. खरे सांगायचे तर आम्हा शिक्षकांपैकीही अनेकांना उत्तर येत नाही. ते अधिकारी म्हणजे एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपालही होते, म्हणून हे विस्मरण अधिकच बोचते.

लतीफसाहेबांचा जन्म ९ जून १९२३ रोजी हैदराबादेत झाला. निजाम कॉलेजात ते शिकत होते तेव्हा दुसरे महायुद्ध पेटलेले होते. अठराव्या वर्षी त्यांनी हवाई दलाची वाट धरली आणि जानेवारी १९४२ मध्ये ते अधिकारी झाले. पहिली नेमणूक कराचीला. वापिटी, हार्ट, ऑडॅक्स अशा जुन्या, दुहेरी पंखांच्या विमानांतून अरबी समुद्रावर शत्रूच्या पाणबुड्या शोधायच्या, हे काम. नंतर त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. तेथे ते हरिकेन आणि स्पिटफायर ही लढाऊ विमाने चालवायला शिकले. परतल्यावर त्यांनी ब्रह्मदेशच्या मोहिमेतही उड्डाणे केली.

मग १९४७ उजाडले. देशाबरोबर फौजेचीही वाटणी झाली. मुस्लिम अधिकाऱ्यांपुढे प्रश्न होता : इथे की तिथे? असगर खान आणि नूर खान हे त्यांचे जवळचे सहकारी पाकिस्तानात गेले आणि पुढे दोघेही तिथल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. लतीफसाहेबांनाही तिकडे बोलावणे होते. धर्म आणि देश या दोन गोष्टींची गाठ मारण्याचे कारण नाही, अशी भूमिका घेऊन ते इथेच राहिले.

या निर्णयाचे वजन मराठवाड्यातील वाचकांना अधिक कळेल. ऑगस्ट १९४७ मध्ये लतीफसाहेबांचे स्वतःचे हैदराबाद भारतात सामील झालेले नव्हते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हेही निजामाच्याच राज्यात होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर तो प्रश्न सुटला, पण त्या दिवसांची भीती आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात कित्येक वर्षे राहिली. आपल्या घराचे काय होणार हे माहीत नसताना एका चोवीस वर्षांच्या तरुणाने भारत निवडला होता.

त्यानंतर त्यांनी बोलून नव्हे, तर कामातून उत्तर दिले. चार क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे ते प्रमुख झाले. २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा दिल्लीच्या आकाशात सलामी देणाऱ्या विमानांचे नेतृत्व त्यांनीच केले. १९७१ च्या युद्धात हवाई दलाच्या मुख्यालयात नियोजनाची जबाबदारी त्यांच्यावर होती. लढणाऱ्या तुकड्यांना ते स्वतः जाऊन भेटत. परम विशिष्ट सेवा पदकाने त्यांचा गौरव झाला. १ सप्टेंबर १९७८ रोजी ते हवाई दलप्रमुख झाले. जग्वार विमाने आपल्या ताफ्यात यावीत म्हणून त्यांनी नेटाने पाठपुरावा केला आणि ती १९७९ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत आली. ऑगस्ट १९८१ मध्ये ते निवृत्त झाले.

१९८२ ते १९८५ या काळात ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांच्या पत्नी बिल्किस लतीफ या लेखिका. त्या राजभवनापुरत्या राहिल्या नाहीत, त्यांनी धारावीच्या झोपडपट्टीत काम केले.

याच काळातील एक गोष्ट आम्हाला टाळता येत नाही. मे १९८४ मध्ये भिवंडी आणि मुंबईत दंगल पेटली. यंत्रमागावर पोट भरणारी माणसे मारली गेली, घरे जळाली. त्या वेळी राजभवनात देशाचे माजी हवाई दलप्रमुख असलेले एक मुसलमान होते. राज्यकारभार मंत्रिमंडळ चालवते, राज्यपाल नव्हे, हे आम्ही जाणतो. म्हणून हा त्यांच्यावरील आरोप नाही. पण एक माणूस सर्वोच्च पदी पोचल्याने गल्लीतला माणूस आपोआप सुरक्षित होत नाही, हे मात्र त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

म्हणूनच लतीफसाहेबांचे नाव वफादारीचा दाखला म्हणून खिशात बाळगू नये, असे आम्हाला वाटते. कुणी शंका घेतली की अब्दुल हमीद, लतीफ अशी नावे मोजून दाखवायची आपल्याला सवय लागली आहे. पण नागरिकाला दाखला लागत नाही. ज्याचे कुणी नावाजलेले नाही, त्या मागवाल्याचाही या देशावर तेवढाच हक्क आहे.

मग मुलांना त्यांच्याविषयी का सांगायचे? दुसऱ्यांना उत्तर देण्यासाठी नव्हे, तर आपल्या मुलांनी मान वर करून आकाशाकडे पाहावे म्हणून. राजदूत म्हणून फ्रान्समध्ये काम केल्यावर लतीफसाहेब हैदराबादला परतले. ३० एप्रिल २०१८ रोजी तेथेच त्यांचा इंतकाल झाला. ज्या मातीचा भरवसा नव्हता तेव्हा त्यांनी हा देश आपला मानला, त्याच मातीत ते विसावले. पुढच्या वेळी प्रश्न विचारला, तर वर्ग गप्प राहू नये, एवढे तरी आपण करू शकतो.