कणगी, कडुनिंब आणि घरचें बियाणें

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून निराळा झाला. परंतु ह्या मुलुखांतील धान्य राखण्याची विद्या त्याहून पुष्कळच जुनी आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. त्या काळीं ज्वारीचा मोठा सांठा जमिनींतील पेवांत, आणि घरखर्चाचें धान्य तुराट्यांच्या कणगींत ठेवीत. कणगी शेणामातीनें लिंपावयाची, धान्य कडक उन्हांत वाळवावयाचें, थराथरांत कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरावयाचा आणि मग तोंड बंद करावयाचें, हा क्रम घरधनीण चुकूं देत नसे. बियाणें उतरंडींतील मडक्यांत राखेंत मिसळून ठेवीत व डाळीस एरंडेल चोळीत.

ह्या प्रत्येक कृतीस कारण होतें. सोंडकिड्याची मादी दाण्यास भोंक पाडून आंत अंडें घालते व भोंक बुजविते. दाणा वरून धड दिसतो, परंतु आंतून पोखरला जातो. खडखडीत वाळलेल्या दाण्यांत ह्या किड्याची वाढ खुंटते. राखेचे कण त्याच्या अंगावरील मेणचट थर खरवडतात व तो सुकून मरतो. कडधान्यावरील भुंगेऱ्याचीं अंडीं सालीस चिकटलेलीं असतात; तेलाच्या लेपाखालीं तीं गुदमरतात. कडुनिंबांतील जें द्रव्य किड्याची भूक मारतें व त्यास कात टाकूं देत नाहीं, तें ॲझाडिरॅक्टिन इंग्लंडांतील संशोधकांनीं १९६८ सालीं निराळें काढिलें. तें पाल्यापेक्षां निंबोळींत अधिक असतें आणि कांहीं महिन्यांत क्षीण होतें. म्हणून पाला वेळोवेळीं बदलावा लागतो. आणि दाण्यांत आधींच शिरलेल्या किडीवर त्याचा फारसा इलाज चालत नाहीं. वाळवणाचें काम पाल्यानें भागत नाहीं, हें आमच्या आज्या जाणून होत्या.

मग ही विद्या मागें कां पडली? पाला निरुपयोगी ठरला म्हणून नव्हे. १९६४ सालीं सीएसएच-१ हें ज्वारीचें संकरित बियाणें आलें. असलें बीं घरीं राखून पेरल्यास त्याचे गुण टिकत नाहींत; तें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. पुढें सोयाबीननें ज्वारीची शेतें व्यापिलीं आणि रेशनचें धान्य घरांत आलें. राखावयाचें बियाणेंच उरलें नाहीं, तेथें राखण्याची रीत कोण शिकविणार?

तिच्या जागीं विषारी औषधें आलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर पसरलेल्या बीएचसीच्या भुकटीवर १९९७ सालीं देशांत बंदी आली. धान्यांत घालावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून जो वायु निघतो, त्यावर उतारा नाहीं. निजावयाच्या खोलींत ठेवलेल्या धान्यांत त्या घालणें म्हणजे माणसांच्या जिवाशीं खेळ होय.

मोठ्या गुदामांचें रक्षण पाल्यानें होणार नाहीं, हें खरें. परंतु घरची दोन पोतीं ज्वारी, पायलीभर तूर आणि पुढील पेरणीचें गांवरान बीं ह्यांस ऊन, राख, तेल व कडुनिंब आजहि पुरेसे आहेत. ज्यांच्या घरीं वृद्ध आजी आहेत, त्यांनीं ही रीत तिच्या हाताखालीं एकवार करून पाहावी. ज्याचें बीं घरांत शाबूत आहे, त्यास पेरणीच्या दिवशीं कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं.