गॅलाथिया बे: लेदरबॅक कासवांच्या किनाऱ्याचा वाद नेमका काय आहे?

जानेवारी २०२१ मध्ये सरकारी कागदांवर एकाच किनाऱ्याचं नाव दोनदा आलं. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ग्रेट निकोबार बेटावरच्या गॅलाथिया बे अभयारण्याचा दर्जा काढून घ्यायला मंजुरी दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच केंद्राने सागरी कासवांसाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि कासवांच्या महत्त्वाच्या अधिवासांच्या यादीत हाच गॅलाथिया बे होता!

ग्रेट निकोबार हे भारताचं सर्वात दक्षिणेकडचं बेट. देशाचं दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट इथेच आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जहाजांचा मोठा मार्ग जवळ असल्यामुळे इथे कंटेनर बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर उभारायची योजना आखली गेली. प्रकल्पाचं क्षेत्र १६६ चौरस किलोमीटर, त्यातलं सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल. पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळाली. बंदराची जागा ठरली गॅलाथिया बे.

हाच किनारा का?

लेदरबॅक हे जगातलं सर्वात मोठं कासव. वजन चारशे-पाचशे किलोपर्यंत जातं आणि पाठीवर टणक कवचाऐवजी चामड्यासारखी कातडी असते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. भारतात त्याची नियमित अंडी घालण्याची ठिकाणं आता फक्त अंदमान-निकोबारमध्ये उरली आहेत. लिटल अंदमानवर उपग्रह ट्रान्समीटर लावलेल्या माद्यांपैकी काही ऑस्ट्रेलियाच्या दिशेने, तर काही थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेल्याचं आढळलं. इतकी भटकणारी मादी अंडी घालायला मात्र पुन्हा आपल्या ओळखीच्या भागातच परतते. तिला रुंद वाळू लागते, समोर खडक नसलेलं पाणी लागतं आणि रात्री अंधार लागतो. पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात. किनाऱ्यामागे दिवे असले तर ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात.

निकोबारचा मेगापोड हा पक्षीही याच पट्ट्यात राहतो. कोंबडीएवढा हा पक्षी अंडी उबवत बसत नाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू, माती आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग करून त्यात अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाल्याची ऊब बाकीचं काम करते. मागे जंगल नसेल तर पाला नाही, आणि पाला नसेल तर घरटं नाही.

कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणाच्या आत हलवून पिल्लं समुद्रात सोडतात, हे अनेकांनी पाहिलेलं असेल. मग इथेही तसं का नको? कारण वेळासला अंडी हलवतात, किनारा हलवत नाहीत. मादीला पुढच्या हंगामात उतरायला ती वाळू जागेवर असावीच लागते.

सरकारचं म्हणणं

बंदराच्या बाजूने दिला जाणारा मुद्दा असा, की घरट्यांचा मुख्य भाग गॅलाथिया नदीच्या पश्चिमेला आहे आणि त्याला हात लागणार नाही. वाळू राखली जाईलही. पण तिच्यापर्यंत पोहोचायला मादीला लाटरोधक भिंती, गाळ उपसणारी यंत्रं आणि जहाजांची ये-जा पार करावी लागेल. मंजुरीच्या कागदांपेक्षा या प्रवासाचा प्रश्न मोठा आहे.

२००४ च्या त्सुनामीत ग्रेट निकोबारची जमीन काही मीटर खचली. इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला आणि कासवांचे किनारेही वाहून गेले. पुढच्या काही वर्षांत समुद्राने पुन्हा वाळू आणून टाकली, आणि लेदरबॅक परत आली. मागे रिकामी जमीन होती म्हणून किनाऱ्याला सरकायला जागा मिळाली. तिथे काँक्रीट असतं तर ती मिळाली नसती.

बदली अभयारण्यं

भरपाई म्हणून २०२२ मध्ये तीन नवी अभयारण्यं ठरवण्यात आली: लेदरबॅकसाठी लिटल निकोबारवर, मेगापोडसाठी मेंचल बेटावर आणि प्रवाळांसाठी मेरो बेटावर. तोडल्या जाणाऱ्या जंगलाच्या बदल्यातली झाडं तर हरियाणात लावायचं ठरलं, जिथे पर्जन्यवन उगवतच नाही.

लिटल निकोबारवर लेदरबॅक आधीपासूनच अंडी घालत होती. त्यामुळे या अभयारण्याने एकही नवा किनारा तयार झाला नाही. शिवाय ही बेटं निकोबारी लोकांच्या परंपरागत ताब्यातली आहेत, आणि तिथे काय करायचं, काय नाही, याचे त्यांचे स्वतःचे नियम आहेत. अभयारण्य करताना आम्हाला विचारलंच नाही, अशी हरकत तिथल्या आदिवासी परिषदेने २०२२ मध्येच नोंदवली.