गलगंड, मराठवाड्यातील
आहारातील आयोडिनाच्या न्यूनतेमुळे अवटु ग्रंथीची होणारी वाढ व तिच्या प्रतिबंधाचा मराठवाड्याच्या संदर्भातील इतिहास.

गळ्याच्या पुढील भागात असलेली अवटु ग्रंथी रक्तातील आयोडीन घेऊन थायरॉक्सिन व ट्रायआयोडोथायरोनीन ही हॉर्मोने तयार करते. चयापचयाचा वेग, हृदयाची गती, उष्णतानिर्मिती व वाढ यांचे नियमन त्यांमुळे होते. रक्तातील त्यांचे प्रमाण घटले की, पोष ग्रंथीतून अवटु-उद्दीपक हॉर्मोन अधिक स्रवते. ते वाढले की, हा स्राव मंदावतो. आयोडीन सतत अपुरे पडल्यास उद्दीपन चालूच राहते आणि ग्रंथी वाढते. अशा रीतीने गलगंड हा न्यूनता भरून काढण्याच्या शरीराच्या प्रयत्नाचाच परिणाम होय. प्रौढास रोज सु. १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते; गर्भवतीस सु. २५० मायक्रोग्रॅम लागते. पहिल्या काही महिन्यांत गर्भ मातेच्या थायरॉक्सिनावर अवलंबून असल्याने तीव्र न्यूनतेत मेंदूची वाढ खुंटते. मूकबधिरता व जडवामनता उद्भवतात. ही हानी पुढे भरून येत नाही.

वुलिमिरी रामलिंगस्वामी आदींनी १९५६ पासून हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात केलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा भर ज्ञात गलगंडक्षेत्रांवर, मुख्यतः हिमालयाच्या पायथ्यावर होता. तथापि गुजरातमधील भरूच, केरळमधील एर्नाकुलम व मराठवाड्यातील औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्यांतही गलगंड आढळला. भरूच व एर्नाकुलम हे किनाऱ्यावरील जिल्हे असल्याने समुद्रसान्निध्य पुरेसे संरक्षण देत नाही, हेही स्पष्ट झाले. साध्या समुद्री मिठात आयोडीन अत्यल्प असते. समुद्रापासून दूर असलेल्या नांदेड व लातूर (१९८२ मध्ये स्थापन) यांसारख्या जिल्ह्यांना केवळ पर्वतीय क्षेत्राच्या निकषावरून सुरक्षित मानणे त्यामुळे शक्य राहिले नाही.

सर्व खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण १९८४ मध्ये स्वीकारण्यात येऊन १९८६ पासून टप्प्याटप्प्याने अंमलात आले. दमट हवेत अधिक टिकते म्हणून पोटॅशियम आयोडेट वापरतात. ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. १९९२ मध्ये कार्यक्रमास राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम हे नाव मिळाले. खाण्यासाठी साध्या मिठाच्या विक्रीवर केंद्राने घातलेली बंदी २००० मध्ये उठविण्यात आली. ग्राहकाच्या निवडीचे स्वातंत्र्य व लहान मीठ-उत्पादकांचे हित हे त्या वादातील मुद्दे होते. बंदी २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. गुरांसाठी व उद्योगांसाठी असलेले मीठ तीतून वगळलेले असल्याने असे खडे मीठ स्वयंपाकात वापरल्यास कायद्याचा हेतू असफल होतो.

प्रत्येक गलगंड आयोडिनाच्या अभावाने होत नाही. आत्मप्रतिरक्षा विकार व ग्रंथीतील गाठी ही कारणेही असतात. मिठाने प्रतिबंध साधतो. जुन्या गाठीसाठी मात्र वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.