विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे अमेरिकेतील राज्यस्तरीय शस्त्रकायदे : सार्वजनिक सुरक्षा आणि परवान्याचा स्वेच्छाधिकार

प्रस्तावना :
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शस्त्र बाळगण्याचा हक्क आणि त्यावरील निर्बंध हा आजही तीव्र मतभेदाचा विषय आहे. या चर्चेत अमेरिकन समाज प्रारंभापासून शस्त्रांच्या बाबतीत पूर्णतः निर्बंधमुक्त होता, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. वास्तविक पाहता, संघराज्याचा पहिला महत्त्वाचा शस्त्रकायदा १९३४ साली संमत होण्यापूर्वीच अनेक घटकराज्यांनी पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांची विक्री, बाळगणे आणि वापर यांवर कायदेशीर नियंत्रणे आणली होती. प्रस्तुत निबंधात या कायद्यांची कारणे, त्यांचे स्वरूप आणि त्यांच्या अंमलबजावणीतील विसंगती यांचा विचार केला आहे. परवाना देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो कोणाविरुद्ध वापरला गेला, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

घटनात्मक पार्श्वभूमी :
अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ साली अस्तित्वात आली. तथापि १८७६ च्या क्रुकशँक खटल्यात व १८८६ च्या प्रेसर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती केवळ संघराज्य शासनाला बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. परिणामी घटकराज्यांना सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधिकाराखाली शस्त्रांविषयी कायदे करण्याची मोकळीक मिळाली. राज्यांवर मर्यादा होती ती मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या राज्यघटनांची. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत तर शस्त्राच्या हक्काचे कलमच नव्हते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राज्यांनी केलेले प्रयोग या मोकळिकीतून जन्मास आले.

दक्षिणेकडील राज्यांचे कायदे :
यादवी युद्धानंतर दक्षिणेत वंशभेदाची नवी व्यवस्था उभी राहत असताना शस्त्रकायद्यांनाही तिचा रंग चढला. टेनेसीने १८७९ मध्ये आणि आर्कान्सासने १८८१ मध्ये सैन्य व नौदलात वापरल्या जाणाऱ्या प्रकारांव्यतिरिक्त इतर पिस्तुलांच्या विक्रीस बंदी केली. साउथ कॅरोलायनाने १९०१ मध्ये लांबीने २० इंचांपेक्षा आखूड आणि वजनाने ३ पौंडांपेक्षा हलक्या पिस्तुलांच्या विक्रीस मनाई केली. कायद्याच्या भाषेत वंशाचा उल्लेख नव्हता. परंतु लहान व स्वस्त शस्त्र बाजारातून गेले की ते गरिबाच्या हातून जाते आणि महागडे शस्त्र सधनाच्या हाती राहते, ही गोष्ट उघड होती.

फ्लोरिडाचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. तेथे १८९३ च्या कायद्याने विंचेस्टर वा अन्य पुनरावर्ती रायफल बाळगण्यासाठी परवाना व १०० डॉलरचा जामीन आवश्यक ठरवला. १९०१ मध्ये पिस्तुलाचाही त्यात समावेश झाला. पुढे १९४१ साली वॉटसन विरुद्ध स्टोन या खटल्यात फ्लोरिडा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बफर्ड यांनी आपल्या सहमतीच्या मतात, हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी केलेला असून श्वेतवर्णीयांना तो लागू करण्याचा हेतू कधीच नव्हता, असे मान्य केले. कायद्याचा हेतू त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या अंमलबजावणीत शोधावा लागतो, याचा हा बोलका पुरावा होय.

न्यूयॉर्कचा सुलिव्हन कायदा (१९११) :
उत्तरेकडील औद्योगिक शहरांतील परिस्थिती निराळी होती. झपाट्याने वाढणारी लोकसंख्या, दाट वस्त्या, टोळ्यांची भांडणे आणि सहज मिळणारे स्वस्त रिव्हॉल्व्हर यांमुळे नागरी असुरक्षिततेची भावना वाढीस लागली. ऑगस्ट १९१० मध्ये न्यूयॉर्कचे महापौर विल्यम गेनॉर यांच्यावर गोळी झाडण्यात आली. जानेवारी १९११ मध्ये कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांची ग्रॅमर्सी पार्कजवळ भर दिवसा हत्या झाली. या घटनांनी लोकमत ढवळून निघाले. टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचे वजनदार नेते व राज्य सिनेटर टिमोथी सुलिव्हन यांनी मांडलेले विधेयक त्याच वर्षी संमत होऊन १ सप्टेंबर १९११ पासून अमलात आले.

लपवून बाळगता येईल असे अग्निशस्त्र परवान्याविना जवळ ठेवणे हा या कायद्याने गुन्हा ठरला आणि ते सोबत घेऊन फिरणे हा गंभीर गुन्हा मानला गेला. विक्रेत्यांवर ग्राहकाचा परवाना पाहण्याची व विक्रीची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी टाकण्यात आली. पुढे १९१३ च्या दुरुस्तीने शस्त्र सोबत बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्जदाराचे चारित्र्य चांगले असणे आणि ‘योग्य कारण’ दाखवणे आवश्यक ठरले. हे ‘योग्य कारण’ म्हणजे काय, हे ठरवणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. कायद्याची ताकद या दोन शब्दांत होती, आणि त्याचे दुबळेपणही तेथेच होते.

कायदा लागू होताच इटालियन स्थलांतरितांवर त्याचा बडगा उगारला गेला. सप्टेंबर १९११ मध्येच एका इटालियन स्थलांतरिताला सिंग सिंग तुरुंगात एक वर्षाची शिक्षा झाली. विरोधकांनी सुलिव्हन यांच्यावर राजकीय हेतूचा आरोप केला. असे असले तरी १९१३ च्या डार्लिंग खटल्यात अपिलीय न्यायालयाने हा कायदा बंदी घालणारा नसून नियमन करणारा आहे, असे मानून तो वैध ठरवला.

परदेशी नागरिक आणि शस्त्र :
पेनसिल्व्हेनियाने १९०९ मध्ये नागरिकत्व न घेतलेल्या परदेशी रहिवाशांना वन्य पशुपक्ष्यांची शिकार करण्यास आणि त्यासाठी शॉटगन वा रायफल बाळगण्यास मनाई केली. पॅट्सोन विरुद्ध पेनसिल्व्हेनिया (१९१४) या खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेल्या निकालाने हा कायदा ग्राह्य धरला गेला. वन्यजीव संरक्षणाच्या उद्देशाआडून परकीयांविषयीचा संशय येथे कायद्यात शिरला, असे म्हणता येईल.

एकरूपतेचा प्रयत्न :
१९२० च्या दशकात विचारांची दिशा काहीशी बदलली. युनायटेड स्टेट्स रिव्हॉल्व्हर असोसिएशन या नेमबाजांच्या संघटनेने स्वतःहून आदर्श कायद्याचा मसुदा तयार केला. १९२३ मध्ये कॅलिफोर्निया, नॉर्थ डकोटा व न्यू हॅम्पशायर या राज्यांनी त्यावर आधारित कायदे केले. पुढे एकरूप राज्य कायद्यांसाठीच्या राष्ट्रीय परिषदेने ‘युनिफॉर्म फायरआर्म्स अ‍ॅक्ट’ला मान्यता दिली आणि पेनसिल्व्हेनियाने १९३१ मध्ये तो स्वीकारला. विक्रेत्याला परवाना, विक्रीची नोंद, खरेदी व ताबा यांमध्ये ४८ तासांचा अवधी आणि गुन्हेगारांना विक्रीस मनाई ही त्यातील प्रमुख सूत्रे होती. येथे अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा निश्चित निकषांवर अधिक भर होता, हे लक्षणीय आहे. याच काळात मशीनगनचा प्रश्न उपस्थित झाला. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत झालेल्या सात जणांच्या हत्याकांडानंतर तो देशव्यापी बनला आणि १९३४ च्या संघीय कायद्याने अशा शस्त्रांच्या हस्तांतरणावर २०० डॉलरचा कर बसवला.

शतकानंतरची फेरतपासणी :
सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात शस्त्राचा हक्क वैयक्तिक असल्याचे मान्य केले व २०१० च्या मॅकडोनाल्ड खटल्यात तो राज्यांनाही लागू केला. २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी न्यूयॉर्कची ‘योग्य कारणा’ची अट रद्द केली. त्याचबरोबर कोणताही शस्त्रनिर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे, अशी कसोटी घालून देताना विसाव्या शतकातील पुराव्याला न्यायालयाने फारसे स्थान दिले नाही. २०२४ च्या रहीमी खटल्यात मात्र तंतोतंत ऐतिहासिक जुळणी आवश्यक नसून मूलभूत तत्त्वांशी साधर्म्य पुरेसे आहे, असा खुलासा ८ विरुद्ध १ अशा बहुमताने करण्यात आला. परिणामी इतिहासकाराचे कार्य थेट न्यायदानाच्या केंद्रस्थानी आले आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, राज्यस्तरीय शस्त्रनियंत्रण ही अमेरिकेतील आधुनिक काळाची उपज नसून तिला एक शतकाहून अधिक इतिहास आहे. दुसरी, या कायद्यांमागे नागरी हिंसाचाराची खरी चिंता होती. त्यांना केवळ द्वेषाची निर्मिती म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तिसरी, जेथे निकष मोघम होते तेथे स्वेच्छाधिकार वाढला आणि त्याचा भार कृष्णवर्णीय, स्थलांतरित व गरीब यांच्यावर अधिक पडला. चौथी, ‘युनिफॉर्म अ‍ॅक्ट’ने निश्चित निकषांचा पर्याय त्याच काळात पुढे ठेवला होता. या कायद्यांचा पक्षपात दाखवून नियंत्रणाची कल्पनाच त्याज्य ठरवणे जितके एकांगी, तितकेच सुरक्षेच्या नावाखाली त्यांच्या पक्षपाताकडे दुर्लक्ष करणे एकांगी होय. परवाना देणारा हात कोणत्या नियमाने बांधलेला आहे, यावरच कायद्याचे न्याय्य स्वरूप अवलंबून असते, हा या इतिहासाचा अर्थ आहे.