माळवद आणि आरपार दगड

आज थोडं किल्लारीबद्दल.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंप ६.२ चा. मग एवढे बळी का?

उत्तर घरांत आहे. मातीत रचलेल्या दगडाच्या दोन-तीन फुटी भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात एकदम गार! पण भिंतीचे आतले-बाहेरचे थर बांधणारा आरपार दगडच नव्हता. हादऱ्यासरशी भिंती फुगल्या, ढासळल्या. जिथे माळवदाला लाकडी खांब होते, तिथे भिंती पडूनही काही छपरं तगली.

आमच्या धंद्यात सिस्टीम कोसळण्याआधी बऱ्याचदा लॉगमध्ये वॉर्निंग दिसते. किल्लारीला १९९२ मध्ये धक्के बसले होते. पण नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा! तो पट्टाच २००२ च्या नकाशातून काढला गेला.

२०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैत हिंगोलीजवळ ४.५ चे धक्के बसले, नांदेडलाही जाणवले. म्हणून सांगतो, दिवाळीत गावी गेलात की माळवद बघा. दरवर्षी चढवलेली जास्तीची माती उतरवा. जाणत्या इंजिनिअरला विचारून भिंतीत ठराविक अंतरावर भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरून घ्या. हाच तो आरपार दगड. किल्लारीनंतर हेच शिकवलं गेलं.