बार्बोझाच्या गोलामागे

14 मार्च 1948. चिलीची राजधानी सांतियागो. तुम्ही नॅशनल स्टेडियमच्या गर्दीत उभे आहात आणि अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबला नुकतीच पेनल्टी मिळाली आहे. चेंडूमागे आंजेल लाब्रुना. त्याच संघात एकवीस वर्षांचा अल्फ्रेदो दि स्तेफानोही आहे. समोर गोलात ब्राझीलच्या वास्को द गामा क्लबचा मोआसिर बार्बोझा. सात देशांतल्या अव्वल क्लबांची ही स्पर्धा आहे. आज बरोबरी झाली तरी वास्को विजेता ठरेल. लाब्रुना धावत येतो, मारतो, आणि बार्बोझा तो चेंडू अडवतो. सामना 0-0 सुटतो.

तुम्हाला आधी इथे आणलं, कारण बार्बोझाची गोष्ट सांगणारे सगळे थेट 1950 पासून सुरुवात करतात. दोन वर्षांनी त्याच्या देशाला पुन्हा एका बरोबरीची गरज पडणार आहे. तिथे जाण्याआधी या माणसाला एकदा बरोबरी राखताना बघून घ्या.

आता त्याच्या हातांकडे बघा. मोजे नाहीत. चेंडूचा स्पर्श बोटांना कळायला हवा म्हणून तो उघड्या हातांनी खेळतो. चेंडू चामड्याचा, ओला झाला की जड होणारा. पुढे या हातांची बोटं वाकडीतिकडी दिसतील, ती त्यामुळेच. त्याचा जन्म 1921 चा, कांपिनासचा. साओ पावलोच्या इपिरांगा क्लबकडून तो रिओच्या वास्कोत आला. गोव्यातल्या वाचकांना ओळखीचं वाटेल असं हे नाव. ज्या दर्यावर्दीच्या नावाचं शहर तुमच्याकडे आहे, त्याच्याच नावाने रिओतल्या पोर्तुगीजांनी हा क्लब काढला. पण क्लबची खरी थोरवी वेगळी आहे. 1923 मध्ये काळ्या आणि कष्टकरी खेळाडूंना घेऊन वास्कोने रिओची लीग जिंकली. दुसऱ्या वर्षी बड्या क्लबांनी अट घातली की यातले बारा खेळाडू काढा, तरच आमच्यात या. वास्कोच्या अध्यक्षांनी पत्र लिहून साफ नकार दिला. काळा बार्बोझा गोलात उभा राहतो तो अशा क्लबच्या.

मधलं एक वर्ष भरभर ओलांडू. मे 1949 मध्ये वास्कोच्याच मैदानावर ब्राझील पराग्वेला 7-0 असं धुऊन दक्षिण अमेरिकेचा विजेता होतो. गोलात बार्बोझाच.

आणि आता 16 जुलै 1950. मराकाना. महिन्यापूर्वीच उघडलेलं हे स्टेडियम अजून पुरतं बांधून झालेलं नाही. तिकीट काढून आलेलेच पावणेदोन लाखांच्या घरात आहेत, आणि आतली खरी गर्दी दोन लाखांची म्हणतात. या विश्वचषकात भारतालाही इटली, स्वीडन आणि पराग्वेबरोबर गटात जागा मिळाली होती, पण आपला संघ आलाच नाही. ती चुटपुट मला आजही आहे.

अंतिम सामना म्हणून ठरवलेला सामना या स्पर्धेत नाही. चार संघांच्या साखळीतली ही शेवटची लढत. ब्राझीलने स्वीडनला सात, स्पेनला सहा गोल मारले आहेत. उरुग्वेशी बरोबरी पुरे. सकाळीच एका दैनिकाने ब्राझीलच्या संघाचा फोटो छापून हेच जगज्जेते असं लिहून टाकलंय. सामन्याआधी शहराचे महापौर लाउडस्पीकरवरून खेळाडूंना विजेते म्हणूनच हाक मारतात.

उत्तरार्ध सुरू होताना तुम्ही ब्राझीलच्या गोलामागे, फोटोग्राफरांच्या घोळक्यात उकिडवे बसला आहात. बार्बोझाची पाठ तुमच्यासमोर आहे. दुसऱ्या टोकाला, 47 व्या मिनिटाला, फ्रिआसा गोल करतो आणि सगळं स्टेडियम उसळतं.

आता नजर डावीकडे ठेवा. तुमच्या डावीकडे म्हणजे बार्बोझाच्याही डावीकडे. त्या कडेने उरुग्वेचा आल्सिदेस घिज्जा पळतोय, आणि ब्राझीलचा बिगोदे त्याला आवरू शकत नाहीये. 66 व्या मिनिटाला घिज्जा बिगोदेला मागे टाकतो, चेंडू आत देतो आणि शियाफिनो गोल करतो. 1-1. तरीही ब्राझीलच जगज्जेता आहे. पण ती कड उघडी पडली आहे हे तुम्हाला दिसतंय. ती बुजवायला कोणी येत नाही हेही दिसतंय. तेरा मिनिटं तशीच जातात.

79 वं मिनिट. घिज्जा पुन्हा त्याच वाटेने निघतो. बिगोदे पुन्हा मागे पडतो. मधून आडवा यायला हवा तो जुवेनाल उशिरा येतो. आत शियाफिनो पुन्हा जागा धरतोय. बार्बोझाला एका क्षणात ठरवायचं आहे. जवळचा खांब धरून ठेवला तर मघासारखा पास आत जाईल आणि गोल मोकळा राहील. तो पास तोडायला तो किंचित पुढे, खांबापासून किंचित आत सरकतो. तुम्ही मागून बघताय म्हणून तुम्हाला खांब आणि त्याच्यामधली फट नीट दिसते. घिज्जालाही ती दिसली आहे. तो पास देत नाही. कठीण कोनातून थेट मारतो. बार्बोझा डावीकडे झेपावतो. चेंडू बाहेर घालवला, कॉर्नर गेला, असंच त्याला वाटतं. उठताना मैदानाचा आवाज बंद झालेला कानाला जाणवतो, आणि वळून बघितल्यावर चेंडू जाळ्यात दिसतो.

गोलरक्षक चुकला का? माझ्या मते नाही. त्याने तेरा मिनिटांपूर्वीचा गोल लक्षात ठेवला आणि तोच पुन्हा होऊ नये म्हणून पाऊल टाकलं. चांगल्या गोलरक्षकाने हेच करायचं असतं. पुढे खुद्द घिज्जानेही म्हटलं की बार्बोझाने तर्काला धरूनच केलं, तर्क सोडला तो आपण. बरं, गोल झाल्यावरही दहा-अकरा मिनिटं शिल्लक होती. आधीच्या दोन सामन्यांत तेरा गोल करणाऱ्या आघाडीला आज संपूर्ण सामन्यात एकच गोल करता आला. पण आघाडीवाल्यांना कोणी धारेवर धरलं नाही.

धारेवर धरले गेले ते बार्बोझा, बिगोदे आणि जुवेनाल. तिघेही काळे. हा योगायोग मानायला मी तयार नाही. वास्कोने 1924 मध्ये ज्या वृत्तीला दार बंद केलं होतं, ती पराभवाच्या दिवशी खिडकीतून आत आली. संघाचा पांढरा शर्टही अपशकुनी ठरला. आज जगभर ओळखला जातो तो पिवळा शर्ट त्या पराभवानंतर वर्तमानपत्राने घेतलेल्या स्पर्धेतून निवडला गेला.

इथे सामान्यतः गोष्ट संपवतात. तुम्ही मात्र थांबा, कारण कारकीर्द संपलेली नाही. त्याच 1950 च्या मोसमात वास्को रिओची लीग जिंकतो. 1952 मध्ये पुन्हा जिंकतो. देशासाठी मात्र तो आणखी एकदाच, 1953 मध्ये खेळतो. त्याच वर्षी बोताफोगोविरुद्ध पाय मोडतो आणि 1954 चा विश्वचषक हातचा जातो. तरी तो परत येतो. 1958 च्या लीग विजेत्या वास्कोतही तो आहे, वय 37. हातमोजे उतरवायचा प्रश्नच नव्हता; तो थांबतो तेव्हा 1962 साल उजाडलेलं असतं आणि तो 41 वर्षांचा आहे.

पुढे पोटासाठी तो मराकाना संकुलातच नोकरी करतो. तिथले जुने चौकोनी लाकडी खांब बदलले, तेव्हा ते त्याला देऊन टाकले आणि त्याने घरी मित्रांना बोलावून त्यांच्याच जाळावर मांस भाजलं, असं सांगतात. खरं असलं तर मला त्याचा आनंदच आहे. 1970 च्या सुमारास एका दुकानात एक बाई त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलाला सांगते की साऱ्या ब्राझीलला रडवणारा तो हाच. 1993 मध्ये तो राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात खेळाडूंना भेटायला जातो, आणि अपशकुन नको म्हणून त्याला आत सोडलं जात नाही. तो तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. आपल्या देशात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षं भोगतोय, असं तो शेवटी शेवटी म्हणायचा. 7 एप्रिल 2000 रोजी तो गेला.

त्या सामन्याचं थोडं काळंपांढरं चित्रण आजही बघायला मिळतं. तुम्ही ते लावाल तेव्हा 79 व्या मिनिटाला गोलात झेपावणाऱ्या माणसाकडे नंतर बघा. आधी घिज्जा कुठून निघाला, त्याच्या मागे कोण राहिलं आणि आडवं यायला कोणाला उशीर झाला ते बघा. मग दोष कोणाचा ते तुम्हीच ठरवा.